तुझे ब्रेक तुटणार आहेत

थांबा, मधे कुणी बोलू नका, एकदा तुटलं की मला परत जोडता येत नाही. माझी आत्या माहितीये ना? रुंद खांद्यांची, जिचा नुसता आवाज ऐकून मागच्या वेळी हा आमच्या घरून चपला न घालता पळाला होता? हसू नका, तीच. तिची गोष्ट आहे.

आत्या लिफ्टचं काम करते. नव्या बसवत नाही, जुन्या सांभाळते. मी तिच्याबरोबर असते, व्हॅन मी चालवते, आणि दिवसातला निम्मा वेळ आम्ही भांडतो. उरलेला निम्मा ती एकटीच भांडते. आई-बाबा नोकरीसाठी परगावी, म्हणून मी आजोबांकडे राहते, म्हणजे आत्याकडेच, घर एकच आहे.

तर त्या घरात एका माणसाला नाव नाही. तो तिथे राहत नाही, पण जेवायला रोज असतो. "त्याने आज त्या बँकेच्या लिफ्टचं काम पण घेतलं." "त्याची गाडी दिसली, नवी आहे." "त्याला खोकला झालाय म्हणे. चांगलंय." नुसता 'तो'. मी लहान असताना मला वाटायचं आजारबिजाराचं नाव आहे.

आधी हे सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आत्या, माझा धाकटा काका आणि तो, तिघांचा एकच धंदा होता. तो काकाचा शाळेपासूनचा मित्र. आत्याला ताई म्हणायचा, आमच्याकडेच जेवायचा, आजोबांच्या पाया पडायचा. आता या कामात एक नियम असतो. लिफ्टच्या शाफ्टमधे उतरायचं असेल तर आधी मेन स्विच बंद करायचा आणि त्याला कुलूप घालायचं. आपलं स्वतःचं. किल्ली आपल्याच खिशात. जो उतरला तोच वर येऊन ते काढणार, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. सगळीकडे हेच करतात. पण हे दोघे म्हणजे एका ताटात जेवणारे! यांनी दोघांत मिळून एकच कुलूप ठेवलं होतं आणि दोघांकडे त्याची एकेक किल्ली. आपल्यात कसलं आलंय तुझं-माझं! आत्या ओरडायची, हे हसायचे.

एक दिवस काका शाफ्टच्या तळाशी होता आणि लिफ्ट सुरू झाली.

चौकशी झाली तेव्हा त्याने सांगितलं, स्विचला कुलूप नव्हतंच. काकाने घातलंच नसणार, घाईत असेल. झालं. काका मेला तो काकाच्याच चुकीने, असं ठरलं. आत्या म्हणते कुलूप होतं, यानेच आपल्या किल्लीने काढलं, याला वाटलं काका वर आलाय. पण बघितलं कुणी?

मी तेव्हा दुसरी-तिसरीत असेन. तेव्हापासून आत्याला आयुष्यात दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, त्याने खरं बोलावं. दोन, त्याचं वाटोळं व्हावं. पहिलीची आशा तिने सोडली होती. दुसरीवर ती जगत होती, खोटं नाही सांगत, अक्षरशः त्यावर जगत होती.

आणि आजोबा याच्या एकदम उलट. आजोबा आमच्या प्रार्थनाघरात वाचन करतात. हिब्रू शास्त्र त्यांना तोंडपाठ आहे. शनिवारी, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, जेवणं झाली की टेबलावरच वाचायला बसतात, आणि आत्या प्रत्येक वेळी मधे तोंड घालते. शास्त्रात देवाचं न ऐकणारे जेवढे लोक आहेत ना, त्या सगळ्यांवर आत्याचा एकच आक्षेप आहे. कामात ढिले होते.

"तो माशाच्या पोटात गेलेला घ्या," ती म्हणते. "देवाने सांगितलं शत्रूच्या गावी जा, त्यांना सावध कर. ते सुधारले तर देव त्यांना माफ करणार, म्हणून याला जायचं नव्हतं. बरोबरच आहे, मी पण गेले नसते. पण पळताना बोटीत बसायचं? समुद्रात? जिथे लपायला खांब नाही?"

"जमिनीवरून गेला असता तर?" आजोबा विचारतात.

"तर सुटला असता."

"वाळवंटात मासा आला असता मग."

"बाबा, तुम्ही काहीही बोलता."

"मी नाही, तो वरचा काहीही करतो."

मग तो वेष बदलून लढाईवर गेलेला राजा. याला आधीच सांगितलेलं की मरशील. हा साधा शिपाई बनून गेला आणि कुणीतरी उगाच सोडलेला बाण याच्या चिलखताच्या फटीत घुसला. आत्या म्हणते, "अरे, मग घरी झोपायचं ना! वेष कसला बदलतोस?" आणि ज्या राजाने संदेष्ट्याने लिहून पाठवलेली भाकिताची गुंडाळी शेगडीत जाळली आणि ती परत लिहिली गेली, वर चार ओळी जास्तच, त्याच्याबद्दल ती म्हणते, "लिहिणाऱ्याला का सोडला?" अशी माझी आत्या. आजोबा पुस्तक मिटतात आणि म्हणतात, तुला तिथे ठेवायला हवी होती, शास्त्र दुप्पट जाड झालं असतं.

तर मुद्दा. मागच्या महिन्यात आम्ही एका जुन्या इमारतीत गेलो होतो, नेहमीची तपासणी. लिफ्टच्या मोटरवर एक ड्रम असतो. त्याला दोन लोखंडी हात दोन्हीकडून आवळून धरतात. तोच ब्रेक. वीज गेली की हात आवळतात आणि लिफ्ट जिथल्या तिथे थांबते. आत्याने त्यातल्या एका हातावर हातोडीने हळूच टकटक केलं आणि आवाज बद्द आला. फुटक्या मडक्यासारखा. तिने बोल्ट काढला तर हात तिच्या हातात आला, दोन तुकडे होऊन. आतून भेग गेलेली, जुनी, गंजलेली.

आत्या त्या तुकड्यांकडे बघत बसली. आणि मग हसायला लागली. मला भीतीच वाटली, कारण आत्या कामावर हसत नाही.

"काय गं?"

"हे आम्ही तिघं असताना घेतले होते," ती म्हणाली. "एकाच भट्टीचा माल. मी माझ्या दोनच लिफ्टना लावले. बाकी सगळे त्याने नेले. त्याच्या सगळ्या इमारतींत हेच आहेत." आणि तुकडा असा गोंजारला, मांजर असल्यासारखा. "तुटणार. सगळे तुटणार. एकेक करून."

रात्रीच्या जेवणाला तिने भाजी दोनदा घेतली. आजोबांना सगळं सांगितलं, डोळे नुसते चमकत होते. आजोबांनी चमचा खाली ठेवला.

"उद्या जा आणि सांग त्याला."

"कुणाला?"

"तुला माहितीये कुणाला."

"मी? बाबा, मी काही तोडलंय का? मी नुसती गप्प बसणार आहे. गप्प बसणाऱ्याला कुठला देव अडवतो?"

"हाच अडवतो," आजोबा म्हणाले. "त्याचं कामच ते आहे."

मी म्हटलं, "आत्या, त्या लिफ्टमधे तो एकटाच चढतो का?"

"मग लोकांनी जिने चढावेत. तब्येती सुधारतील."

"आत्या!"

"तू जेव."

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या कुणी सांगायचं. सांगितलं ना! आजोबांनी त्याच रात्री फोन केला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. किती गोड बोलले, बाळा म्हणाले त्याला. तो म्हणाला, "तुमच्या मुलीला मला धंद्यातून उठवायचंय, स्वतःला जमलं नाही म्हणून तुम्हाला पुढे केलंय. लाज वाटू द्या," आणि फोन ठेवला. मग मी लिफ्टच्या सरकारी ऑफिसात फोन केला. तिथला माणूस म्हणाला, ज्या लायसनवाल्याने तो भाग पाहिला त्याने स्वतः तो भाग घेऊन यावं, नुसत्या फोनवर आम्ही कुणाच्या लिफ्ट बंद करत नाही. लायसनवाला म्हणजे आत्या. फिरून फिरून भोपळे चौकात.

"बघ," आजोबा म्हणाले. "तुझ्याच गळ्यात आहे."

"गळा माझा आहे," आत्या म्हणाली. "त्यात काय घालायचं ते मी ठरवीन."

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना पुलावर तिने मला व्हॅन थांबवायला लावली. उतरली. तो तुटका हात घेतला आणि कठड्यावरून नदीत टाकला. दोन्ही तुकडे. मागून हॉर्न वाजताहेत, शिव्या येताहेत, ही हात झटकून परत येऊन बसली. "आता काय घेऊन जाऊ ऑफिसात? पाणी?"

मी म्हटलं, "आत्या, गुंडाळी जाळणारा राजा आठवतोय का?"

"गाडी चालव."

त्याच दिवशी दुपारी, दुसऱ्याच इमारतीत, तिने ब्रेकला नीट हात पण लावला नव्हता, नुसती स्प्रिंग सैल करत होती, तर तिथल्या ब्रेकचा हात पण तुटला. खाडकन. तिच्या अंगठ्याचं नख घेऊन गेला. आत्या अंगठा तोंडात धरून त्या मशीन रूममधे अशा शिव्या द्यायला लागली, अशा शिव्या, आणि खाली कुणाला नाही बरं का, छताकडे बघून. "धमकी देतोस? मला? नख घेतलंस, घे! अजून नऊ आहेत!"

मी तो दुसरा हात गुपचूप बॅगेत टाकायला गेले, तर तिने तो पण हिसकावून घेतला आणि भंगारवाल्याला देऊन टाकला. फुकट.

मग घरी बसून तिने प्लॅन केला. आता नीट ऐका, कारण हा प्लॅन खरंच चांगला होता. ती म्हणाली, मी पळणार नाही. पळाले तिथेच सगळे फसले. बोट नाही, वेषांतर नाही, काही नाही. मी कामावर जाणार, घरी येणार. फक्त ज्या भागात ते ब्रेक आहेत आणि ज्या भागात तो आहे, तिथे पाऊल टाकणार नाही. धंदा बुडाल्यावर आत्या ज्या कंपनीत लागली, तिथे एकजण आहे, बोका म्हणतो आम्ही त्याला, कारण कुठेही झोपतो. बोक्याकडे शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या नव्या इमारती आहेत. सगळ्या काचेच्या, सगळी मशिनं कोरी, तिथे आमच्या त्या 'तो'ची एकही लिफ्ट नाही. आत्याने बोक्याशी भाग बदलून घेतला.

बोका म्हणाला, "ताई, तिकडे काहीच काम नसतं. कंटाळशील."

"तेच हवंय," आत्या म्हणाली.

आजोबा नुसते बघत होते. "झोपायची उशी पण दे हिला, बोक्या," म्हणाले.

दोन दिवस खरंच काही झालं नाही. आत्या व्हॅनमधे बसून शब्दकोडी सोडवत होती आणि मला ऐकवत होती, "बघ, असं करतात. काम असं करतात." तिसऱ्या दिवशी फोन आला. लिफ्ट अडकलीये, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे, आत एक माणूस आहे. आम्ही गेलो. दारातच त्या इमारतीच्या व्यवस्थापक बाई उभ्या, घाबरलेल्या, आणि जरा अपराधी पण.

"म्हणजे त्याचं काय झालं," त्या म्हणाल्या, "हे गृहस्थ आमच्याकडे लिफ्टचं कंत्राट मागायला आले होते. तुमची कंपनी कशी वाईट काम करते ते दाखवतो म्हणाले. आत जाऊन बटणांची पाटी उघडली, काहीतरी काढलं, आणि बंदच पडली."

आत्याने विचारलं, "गृहस्थ कसे दिसतात?"

मला तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला पण कळलंय. आत्याला पण कळलं होतं, नुसतं ऐकायचं नव्हतं तिला.

आम्ही चौथ्या मजल्यावर गेलो. आत्याने बाहेरचं दार तिच्या तिकोनी किल्लीने उघडलं. लिफ्ट अर्धी खाली होती, वरची फट उघडी. आणि त्या फटीत त्याचं डोकं. बरोबर आत्याच्या बुटांच्या उंचीला. घामाघूम, टाय सैल, केस चिकटलेले. त्याने वर पाहिलं. बूट पाहिले, मग गुडघे, मग तोंड.

"तू?" तो म्हणाला. "नाही. दुसरं कुणीतरी पाठवा."

"दुसरं कुणी नाहीये," आत्या म्हणाली. "बोका तुझ्या भागात गेलाय."

"मग मी थांबतो."

"थांब."

आणि आत्या तिथेच, दाराशी, फरशीवर मांडी घालून बसली! हत्यारांची बॅग बाजूला. बाई माझ्याकडे बघताहेत, मी आत्याकडे. मी म्हटलं, "आत्या, काढ ना त्याला."

"त्याला नकोय. ऐकलं नाहीस?"

मग तो म्हणाला, "बाई, तुमच्या या माणसांची तक्रार करा वर."

आत्या खाली वाकली. "कुलूप होतं की नव्हतं?"

"झालं सुरू."

"होतं की नव्हतं? एवढं सांग, दोन मिनिटांत बाहेर काढते."

"तुझा भाऊ निष्काळजी होता," तो म्हणाला. "सगळ्यांना माहिती होतं. तुझ्या बापाला पण माहितीये. तुलाच फक्त तो देव वाटतो. अगं, मेलेल्या माणसाला किती वर्षं पाठीवर घेऊन फिरणार? म्हणून तर धंदा बुडाला तुझा. लोक लिफ्ट दुरुस्त करायला बोलावतात, तू रडायला जातेस."

मी आत्याचा हात धरला होता. मला वाटलं ही आता याच्या तोंडावर लाथ मारणार, उंची पण बरोबर होती. पण तिने लाथ नाही मारली. ती आणखी खाली वाकली, तोंड अगदी त्याच्या तोंडाशी नेलं, आणि असं बोलली, असं, मी आयुष्यात कुणाला एवढ्या तिरस्काराने बोलताना ऐकलेलं नाही.

"तुझे ब्रेक तुटणार आहेत," ती म्हणाली. "सगळे. एकूण एक. माझे दोन तुटले. आतून गेलेत ते, बाहेरून काही दिसत नाही, रंगवलेस तरी दिसणार नाही. हातोडीने वाजवून बघ, फुटक्या मडक्यासारखे वाजतील. एक दिवस तू तुझ्या त्या काचेच्या ऑफिसात बसलेला असशील आणि फोन येईल. आणि मी तेव्हा घरी बसून जेवत असेन. पोटभर जेवेन. तुटू देत. तूच आत असताना तुटू देत!"

आणि मी तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला कळलं. आपण काय बोलून बसलो ते कळलं. तिने तोंडावर हात ठेवला, लहान मूल ठेवतं ना, तसा.

मग तो अगदी हळू, वेगळ्याच आवाजात म्हणाला, "मडक्यासारखे?"

आत्याने मान फिरवली.

"तुझ्या बापाचा फोन आला तेव्हा मला वाटलं डाव आहे," तो म्हणाला. "बाळा बाळा करत होते. पण तू... तुला मला फसवायचं असतं तर तू गोड बोलली असतीस." मग एकदम ओरडला, "काढ! मला बाहेर काढ! लवकर! माझ्या लिफ्ट चालू आहेत!"

आता गंमत बघा, आता आत्याला त्याला काढायचं नव्हतं. पण बाई रडायच्या बेतात, मी ओरडतेय, तो आतून धक्के मारतोय. आत्या उठली, वर मशीन रूममधे गेली, स्विच बंद करून स्वतःचं कुलूप घातलं, ब्रेक हळूहळू सैल करून चाक हाताने फिरवलं, लिफ्ट चौथ्या मजल्याला लावली. मी दार उघडलं. तो थँक्यू नाही, काही नाही, जिन्यावरून धावत सुटला. एक बूट तिथेच राहिला.

त्या संध्याकाळपर्यंत त्याने स्वतःच्या सगळ्या लिफ्ट बंद केल्या. सगळ्या! स्वतः जिने चढून गेला, प्रत्येक मशीन रूममधे हातोडी घेऊन. जवळजवळ निम्मे हात फुटके निघाले. एक तर टकटक करतानाच निखळून पडला. लोकांनी त्याला शिव्या घातल्या, पैसे परत मागितले, एका इमारतीत कुणीतरी थोबाडीत पण मारली म्हणे. हा ऐकेना. दारादारावर पाट्या लावत सुटला.

बोक्याने येऊन हे सगळं सांगितलं. आजोबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. आत्या म्हणाली, "मी निरोप दिला नाही. ऐकताय ना, बाबा? मी निरोप दिलाच नव्हता. मी शाप दिला."

"हो," आजोबा म्हणाले. "तोच पोचला."

"मी नाही म्हटलं होतं!"

"तुझं नाही म्हणणंच वरच्याने वापरलं. तुला काय वाटलं, त्याला फक्त हो म्हणणाऱ्यांकडूनच काम करून घेता येतं?"

आत्याने ताट आपटलं. रिकामं होतं, नशीब.

आणि दोन दिवसांनी दाराची बेल वाजली. मी दार उघडलं. तो. दाढी वाढलेली, कपडे तेच. मला म्हणाला, "आजोबा आहेत?" आणि मी काही म्हणायच्या आत आत येऊन आजोबांच्या खुर्चीसमोर उभा राहिला. आत्या स्वयंपाकघरातून आली, हातात सुरी होती, कांदा चिरत होती, पण तरी.

तो म्हणाला, "कुलूप होतं. मी काढलं. मला वाटलं तो वर आला. मी हाक पण मारली नाही."

बस. एवढंच. इतकी वर्षं आत्या जे ऐकायला जगली ते चार वाक्यांत झालं, आमच्या हॉलमधे, टीव्ही चालू असताना. मी तो बंद पण केला नाही.

आजोबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "ओरडला का तो?"

"नाही. वेळच मिळाला नाही."

आजोबांनी मान हलवली. मग समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. "बस," म्हणाले. आणि मला, "पाणी आण याला."

बापरे! आत्याचा जो काही भडका उडाला! "पाणी? पाणी? तुमचा मुलगा होता तो! आणि हा येतो, चार वाक्यं बोलतो, आणि बस, पाणी पी? एवढं स्वस्त? मग मी इतकी वर्षं काय केलं? मला माहिती होतं! मला पहिल्या दिवशीच माहिती होतं असं होणार, हा रडणार आणि तुम्ही विरघळणार आणि तुमचा तो वरचा पण विरघळणार! म्हणून तर मला जायचं नव्हतं!" आणि बाहेर जाऊन जिन्यात बसली. दार असं आपटलं की वरच्या मजल्यावरचे डोकावले.

तो म्हणाला, "बाबा, मी उद्या जाऊन त्यांना सगळं सांगतो. चौकशीवाल्यांना. जे होईल ते होईल. पण त्याआधी ते ब्रेक बदलायला हवेत. माझ्या पोरांना ती जुनी मशिनं कळत नाहीत. आता दोघांनाच कळतात. मला आणि..." आणि दाराकडे पाहिलं.

आजोबा काठी टेकत जिन्यात गेले. मी मागोमाग. आत्या भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"नाही," ती म्हणाली. त्यांनी तोंड पण उघडलं नव्हतं.

"नऊ मजल्यांची ती जुनी इमारत आहे ना त्याची," आजोबा म्हणाले, "तिच्या पाचव्या मजल्यावर पाळणाघर आहे. रोज सकाळी आया पोरांना काखेत घेऊन चढताहेत. अशी पोरं, ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही. सातव्या मजल्यावर एक आजी आहे, ती तीन दिवस खाली आलेली नाही. आणि आठव्यावर एक म्हातारा कुत्रा आहे. त्याला उचलून आणावा लागतो."

आत्या वळली. "कुत्रा? कुत्रा सांगून पटवताय मला?"

"मी काय पटवणार. मी आहे ते सांगतोय."

"मी त्याला माफ करणार नाही."

"कर कुठे म्हटलं मी."

"कधीच नाही. लिहून घ्या. त्यालाही सांगा, वरच्याला. काम करीन, माफ नाही करणार. बघू काय करतो ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या नऊ मजल्यांच्या इमारतीत. लिफ्ट अर्थातच बंद. नवे ब्रेक, जॅक, साखळी, सगळं मशीन रूमपर्यंत जिन्याने न्यायचं. आत्याने एका वस्तूला हात लावला नाही. सगळं त्याच्या खांद्यावर. मी एक पिशवी घ्यायला गेले तर मला म्हणाली, "ठेव. त्याची आहे ती."

"ताई, दोन फेऱ्या केल्या तर..."

"ताई म्हणू नकोस. आणि फेऱ्या तू कर."

तो चढतोय, ती मागून. पूर्ण वेळ तोंड चालू. उचल पाय. हळू, ठेचकाळशील. तसा चालायचास म्हणूनच ठेचकाळायचास, लहानपणापासून. माझा भाऊ हे एका दमात न्यायचा. तो नुसता धापा टाकत होता, आणि तिसऱ्या मजल्यावर त्याचा चेहरा असा राखेसारखा झाला की मीच घाबरले.

"बस," आत्या म्हणाली.

"नाही, चालेल..."

"बस म्हटलं ना! मेलास तर हे सगळं मला न्यावं लागेल." आणि त्याच्या खांद्यावरची साखळी ओढून काढली, धसमुसळेपणाने, आणि पाण्याची बाटली त्याच्या मांडीवर फेकली. मग स्वतः दोन पायऱ्या वर जाऊन त्याच्याकडे पाठ करून बसली. जिन्याच्या मधल्या पोकळीतून वर बघत, त्या वरच्यालाच म्हणाली, "इथपर्यंतच हां. पाणी दिलं, एवढंच. याच्यापुढे एक पायरी नाही."

असं ती तिसऱ्या मजल्यावर म्हणाली. चौथ्यावर साखळी तिच्या स्वतःच्या खांद्यावर होती, आणि तिथे पण हेच म्हणाली. पाचव्यावर पाळणाघराच्या दारातून एक पोरगं रांगत बाहेर आलं, थेट जिन्याच्या कडेशी, आणि तो आणि आत्या दोघं एकदम झेपावले, डोक्यावर डोकं आपटलं, पोरगं मीच उचललं. दोघं कपाळं चोळत उभे. तो हसायला लागला.

"हसू नकोस!" आत्या किंचाळली, आणि मग वर बघून, जिवाच्या आकांताने, "इथपर्यंतच म्हटलं ना मी!"

अजून चार मजले बाकी होते.